उष्ट्याचा पुरावा

सगळं शेवटी थुंकीवर येऊन ठेपलं.

केतकी टिकेकरची उमेदीची एकोणीस वर्षं मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात, ऑपरेशन थिएटरची सिस्टर म्हणून गेली होती. थुंकी ह्या पदार्थाबद्दल तिचं मत फारसं बरं नव्हतं. आणि आता कोल्हापुरातल्या एका चकचकीत इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर ती आणि तिच्या दोन मुली हातात एकेक नळी धरून बसल्या होत्या. निळ्या रेघेपर्यंत लाळ भरा, फेस धरायचा नाही, असं समोरची मुलगी सांगत होती. पाच वर्षांच्या जुईला हा खेळ भलताच आवडला. तिची नळी सगळ्यांत आधी भरली. चौदा वर्षांची ओवी मात्र भिंतीकडे तोंड करून, हाताचा आडोसा धरून थुंकत होती. चारचौघांत थुंकायचं नाही हे तिला केतकीनेच शिकवलेलं होतं.

तिघींना परदेशी जायचं होतं. त्या देशाचं नाव घरात कुणी घेत नसे. 'तिकडे' म्हटलं की भागायचं. तिकडे थंडी फार, म्हातारे फार आणि सिस्टर कमी. इकडे शस्त्रक्रियेच्या वेळी डॉक्टरांच्या हातात हत्यारं देण्याचं काम यंत्रहात करू लागले होते. ते चुकत नव्हते, रजा मागत नव्हते, आणि केतकीच्या विभागातल्या नऊ सिस्टरपैकी दोघी उरल्या होत्या. तिचा नंबर वर्षअखेरीला लागणार हे ठरल्यातच जमा होतं. तिकडच्या इस्पितळाचं पत्र आलं तेव्हा ती देवापुढे साखर ठेवून घळाघळा रडली होती.

पत्रात मुलांचीही सोय होती. जुईचा प्रश्न नव्हता. ती केतकीच्या पोटची. डीएनएची तपासणी दोन तासांत होऊन जाई. प्रश्न ओवीचा होता. ओवी ही केतकीच्या नवऱ्याची, म्हणजे अमोघची, पहिल्या बायकोपासूनची मुलगी. ती बाई डेंग्यूने गेली तेव्हा ओवी तीन वर्षांची होती. केतकी लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा पाच. पुढच्याच वर्षी केतकीने तिला रीतसर दत्तक घेतलं. जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीशिक्क्याचा आदेश होता, दाखल्यावर आईच्या रकान्यात केतकीचं नाव होतं. मग जुई झाली. आणि जुई दोन वर्षांची असताना अमोघ बॅडमिंटन खेळता खेळता कोर्टवर कोसळला, तो उठलाच नाही. तेव्हापासून कायद्याच्या नजरेत ओवीची माणसं म्हणजे ही दोनच, आई आणि धाकटी बहीण.

परदेशी जाण्याच्या कामाचं पाटणकर नावाचे गृहस्थ बघत. पूर्वी ते जयसिंगपूरला भूगोल शिकवायचे. आता लोकांना नकाशावरचे देश गाठून द्यायचे. त्यांनी ओवीचे कागद उलटसुलट पाहिले, छान आहेत म्हणाले, आणि मग कागदांना तिकडे आता कुणी विचारत नाही हेही सांगून टाकलं. मधल्या काळात भाचे, पुतणे, शेजारपाजारची पोरं दत्तक दाखवून नेण्याचा सुळसुळाट झाला होता. फोटो, व्हिडिओ, वाढदिवसांच्या आठवणी, सगळं यंत्र तासाभरात बनवून द्यायचं. त्यात मूल दर वर्षी बेतशीर उंचसुद्धा होत जायचं. अधिकारी हैराण झाले होते. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की एक गोष्ट अजून बनवता येत नाही.

माणसाच्या तोंडात कोट्यवधी जीवाणू राहतात. जाती त्याच त्या, पण वाण घरागणिक वेगळं. पाटणकरांनी हे विरजणाच्या भाषेत सांगितलं. दही सगळीकडे दहीच, पण शेजारणीच्या दह्याची चव आपल्या दह्याला नसते, कारण विरजण वेगळं. तसं प्रत्येकाच्या तोंडात आपापलं विरजण असतं. एका छपराखाली राहिलं की थोडं इकडचं तिकडे होतं. पण खरं लागतं ते एका पेल्यातून पाणी प्यायल्याने, घासातला घास दिल्याने, पापे घेतल्याने. एकदा-दोनदा तोंड लागून काही होत नाही, नवं वाण टिकत नाही. ते रोज यावं लागतं, महिनोन्‌महिने, मग कुठे मूळ धरतं. शिवाय हे जीवाणू वाढताना त्यांच्या गुणसूत्रात बारीक चुका होत जातात. त्या चुका मोजल्या की एखादं वाण कुणाच्या तोंडातून कुणाच्या तोंडात गेलं हेही कळतं. दोन माणसांत शंभरातली किती वाणं समान, तो आकडा म्हणजे सहवासांक. दत्तक मुलासाठी वीस लागत.

"वीस म्हणजे काहीच नाही मॅडम," पाटणकर म्हणाले होते. "नऊ वर्षं एका घरात आहात. पन्नास निघतील."

अकरा दिवसांनी त्यांनी तिघींना पुन्हा बोलावलं तेव्हा ते पडदा केतकीकडे वळवून खिडकीशी जाऊन उभे राहिले. केतकी आणि जुई, एक्केचाळीस. ओवी आणि जुई, अडतीस. केतकी आणि ओवी, सहा.

केतकीने सहा म्हणजे काय ते विचारलं. एका जिन्यातले शेजारी साधारण सहा-सातात येतात, असं पाटणकर खिडकीतून बाहेर बघतच म्हणाले. खाली बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. ही सहाच्या सहा वाणं जुईच्या तोंडातही आहेत, सबब ती तिच्यामार्फत आली असावीत. केतकी आणि ओवी, थेट, शून्य.

केतकीला आधी राग आला. हे काय मोजणं झालं? ओवीला टायफॉइड झाला तेव्हा सतरा दिवस ती उशाशी बसली होती. शाळेचे डबे, केसांच्या वेण्या, अमोघ गेल्यावर दोघींनी एकमेकींना धरून काढलेले ते दिवस, ते कुठल्या नळीत मावणार होते? आणि मग तिला कारण सापडलं, आणि ते इतकं साधं होतं की तिला जवळजवळ हसू आलं. अहो, आमच्यात उष्टं खात नाहीत, ती म्हणाली.

ते खरं होतं. तिच्या माहेरी, वाईला, प्रत्येकाचं फुलपात्र वेगळं असे आणि पाणी वरून प्यायचं, ओठ लावायचा नाही. कुणी लाडवाचा तुकडा मोडून दिला तर चालेल, चावून दिलेला नाही. त्यावर तिची नोकरी अशी की हात कोपरापर्यंत धुण्यात जन्म गेला. अमोघच्या घरात सगळा आनंद होता. एका तांब्याला चार तोंडं लागायची. केतकीने आल्याबरोबर ते बंद केलं, आणि पाच वर्षांच्या ओवीला शेजारी बसवून, मान मागे करून, घोट न सांडता वरून पाणी प्यायला शिकवलं. पोरगी आठवड्यात शिकली. आलेल्या-गेलेल्यांना करून दाखवायची.

पाटणकरांना हे कारण पटलं. त्यांनी अपील लिहिलं आणि महिन्याभरात तिकडच्या अधिकाऱ्यांशी पडद्यावर मुलाखत ठरली. बारा वर्षांवरच्या मुलांनी हजर राहायचा नियम होता, म्हणून ओवी केतकीच्या शेजारच्या खुर्चीवर बसली होती. अधिकारी बाई साठीच्या, चेहऱ्याने मायाळू होत्या. त्यांचं बोलणं यंत्र मराठीत करून द्यायचं, पण ते मराठी एखाद्या जुन्या सरकारी पत्रकासारखं होतं. केतकीने उष्ट्याचं सगळं नीट समजावून सांगितलं. यंत्र त्या शब्दापाशी क्षणभर अडलं, मग पुढे गेलं. बाईंनी ऐकून घेतलं, काहीतरी लिहिलं आणि विचारलं.

"आपल्या कन्येने मुखस्पर्श केलेले अन्न आपण अपवित्र मानता, असे आपले म्हणणे आहे का?"

"नाही, नाही. तसं नाही ते," केतकी म्हणाली. "आम्ही कुणाचंच खात नाही. स्वच्छता म्हणून."

"कुणाचेच नाही."

"कुणाचंच नाही."

बाईंनी दुसरा कागद पुढे ओढला. धाकटी कन्या आणि आपण, एक्केचाळीस, त्यांनी वाचून दाखवलं. केतकी गडबडली. मूल लहान असलं की होतं तसं, ती म्हणाली. भरवताना, ताटात चार घास उरतात, टाकवत नाहीत, आईच्या पोटात जातात, त्याला काही कुणी उष्टं म्हणत नाही. बाईंनी मान डोलावली. त्यांना हे समजत होतं. त्याही कुणाच्या तरी आई असाव्यात.

"धाकटीचे वय काय?"

"पाच."

"आणि थोरली आपल्या घरी आली तेव्हा तिचे वय काय होते?"

ओवी माझ्या घरी नव्हती आली, मी तिच्या घरी गेले, हे केतकीच्या अगदी ओठांवर आलं. पण विचारलं होतं ते वय.

"पाच," ती म्हणाली.

बाईंनी ते लिहून घेतलं. शेजारी ओवी आपल्या नखांकडे बघत होती. अपील फेटाळलं गेलं, मात्र सहा महिन्यांनी एकदा पुन्हा लाळ द्यायची मुभा मिळाली. तेवढ्या काळात रोजचा निकट सहवास असेल तर आकडा वीसच्या वर जाऊ शकतो, असं शास्त्रज्ञांचं मत असल्याचं त्या पत्रात होतं. तिकडच्या इस्पितळानेही तेवढं थांबायचं कबूल केलं. तेव्हाही आकडा कमी भरला तर मात्र केतकी आणि जुईलाच जाता येणार होतं.

मुलाखतीच्या दिवशी परत येताना मिरजेच्या बसमध्ये जुई ओवीच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली होती. ओवी आत्तापर्यंत चिक्की खात होती. अर्धी झाल्यावर ती तिने जुईला दिली होती, मग तिच्या तोंडातून परत घेतली होती आणि दोघींनी मिळून संपवली होती. हे केतकीच्या डोळ्यांसमोर रोज होत होतं. तिने ओवीला उष्टं न खाणं शिकवलं, आणि ओवीने ते सगळ्या जगाच्या बाबतीत पाळलं, एकट्या जुईला सोडून. केतकीने खिडकीकडे तोंड केलं आणि तिला एक चिकू आठवला.

लग्नाला दोनेक महिने झाले असतील. ओवी गॅलरीत चिकू खात बसली होती, हात हनुवटीपर्यंत बरबटलेले. केतकी कपडे वाळत घालत होती. ओवीने अर्धा खाल्लेला चिकू तिच्या तोंडापुढे धरला आणि तू खा ना म्हणाली. केतकी हसली. तिला प्रेमाने हसली, हे तिला पक्कं आठवत होतं. आणि म्हणाली, तू खा बाळा, उष्टा झाला ना तो. ओवीने हात मागे घेतला. पुन्हा कधी तिने काही पुढे केलं नाही, आणि केतकीला तेव्हा वाटलं होतं की पोरीला चांगलं वळण लागतंय. आता बसमध्ये तिला शरम वाटली, इतकी की शेजारच्या सीटवरच्या बाईने तिला पाणी हवंय का विचारलं.

अमोघची थोरली बहीण शर्वरी इचलकरंजीला असे. बातमी कळल्यावर ती दुसऱ्या दिवशी आली. बाई मनाने मोकळी, बोलायला तोडून. तिने सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला, आणि मग ओवी शाळेत आहे हे बघून मुद्द्याचं बोलली.

"ठेव की तिला माझ्याकडं. माझ्या भावाची पोर आहे, काय जड होणाराय मला? तू जा बारकीला घेऊन. तुझं आयुष्य का म्हणून कुजवायचं?"

केतकीने नाही म्हटलं, ठामपणे म्हटलं. पण शर्वरी गेल्यावर भांडी आवरताना तिच्या मनात आलं की तसं झालं तर किती सोपं होईल. दोन तिकिटं, दोन बॅगा. तो विचार आला आणि गेला नाही. ती स्वतःवर चिडली, पण विचार तिथेच बसून राहिला, आणि तिने ठरवलं की आकडा वीसच्या वर न्यायचाच. कुणासाठी, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

तिने पहिल्याच संध्याकाळी एक मोठं ताट काढलं. आजपासून आपण दोघी एका ताटात जेवायचं, तिने ओवीला सांगितलं, नवरानवरीसारखं. ओवी थोडं हसली. आमटीभात एकत्र कालवला. ओवीने भीतभीत घास घेतला, बोटं चाटली, पुन्हा भातात घातली. केतकीने त्याच जागचा भात उचलला, तोंडात घातला, आणि तिला उमासा आला. तो तिने आणला नव्हता. तिला तो यायला नको होता. तिने तोंडावर हात दाबला, गिळलं, डोळ्यांत पाणी आलं तरी हसून दाखवलं आणि तिखट लागलं म्हणाली. ओवीने भाताचे दोन भाग केले, मधे बोटाने रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी तिने स्वतःच दोन ताटं मांडली.

मग केतकीने दुसरा मार्ग धरला. आपलं ताट वेगळं, पण जेवण संपत आलं की ओवीच्या ताटातला एक घास उचलून खायचा. पोळीचा कुरतडलेला तुकडा, भाजीतला अर्धा खाल्लेला बटाटा. रोज, न चुकता, औषधासारखा. तिला सवय होत गेली, उमासा थांबला, आणि महिन्या-दीड महिन्यात तर तिला स्वतःचा अभिमान वाटू लागला. कॅलेंडरवर ती बारीक टिंब करायची. ओवी ताट थोडं पुढे सरकवून थांबायची, घास उचलला की उठायची. ती पूर्वीसारखीच अभ्यास करायची, जुईला आंघोळ घालायची, विचारलं तेवढ्याला उत्तर द्यायची. फक्त हाक मारायची बंद झाली होती. दिवस दिवस ती 'आई' ह्या शब्दावाचून निभावून न्यायची. "दूध उतू जातंय" म्हणायची, "इस्पितळातून फोन आलाय" म्हणायची. हे केतकीच्या लक्षात आलं तेव्हा चौथा महिना लागला होता, आणि कसं विचारावं हे तिला समजेना. वयच तसं आहे, शर्वरी फोनवर म्हणाली, आणि केतकीनेही ते मान्य करून टाकलं.

सहा महिन्यांनी पुन्हा त्याच तिसऱ्या मजल्यावर निळ्या रेघेपर्यंत नळ्या भरल्या. ह्या वेळी जुईसुद्धा गंभीर होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण ओवीताई आली नाही तर मीही जाणार नाही, असं ती शाळेत सगळ्यांना सांगून बसली होती.

निकाल रविवारी सकाळी, नाश्त्याच्या वेळी फोनवर आला. केतकी आणि ओवी, चोवीस.

केतकीने मोठ्याने वाचलं आणि ती पलंगावर बसली. जुई घरभर नाचली. शर्वरीला फोन झाला, ती आनंदाने रडली आणि रडता रडता केतकीला शाबासकी दिली. पाटणकरांनी अभिनंदन केलं आणि अहवालाची सगळी पानं त्यांना पाठवायला सांगितली, शिक्का शेवटच्या पानावर असतो म्हणाले. केतकी पानं सरकवत गेली. तिसऱ्या पानावर एक तक्ता होता. मागच्या वेळी तिने तो पाहिला नव्हता. तेव्हा त्यात भरण्याजोगं काही नव्हतं. वाणांची दिशा, असं वर लिहिलं होतं.

केतकीकडून ओवीकडे, चोवीस. ओवीकडून केतकीकडे, शून्य.

छापण्यात उलटसुलट झालं असेल, हे तिला पहिल्यांदा वाटलं. पण उलट केलं तरी तो शून्य कुठेतरी राहत होताच. सहा महिने, एकही दिवस न चुकता, तिने ओवीच्या ताटातलं खाल्लं होतं. कॅलेंडरवरची टिंबं समोर भिंतीवर होती. ती विचार करत बसली, जीभ दातांवरून फिरली, आणि तिला तोंडातली चव कळली. पुदिना आणि औषध. जेवण झालं की चूळ भरायची ही तर जन्माची सवय, पण ती निळी औषधी बाटली तिने ह्याच सहा महिन्यांत आणली होती. दात शिवशिवतात म्हणून, असं तिने दुकानदाराला सांगितलं होतं आणि स्वतःलाही. ओवीचा घास खाऊन झाला की बेसिनवर जाऊन ती एक झाकणभर औषध तोंडात खळाखळा फिरवून टाकायची. जुईच्या ताटातलं शेवटचं बोटाने पुसून चाटलं तरी ती कधी बेसिनकडे गेली नव्हती. हे तिने मुद्दाम केलं नव्हतं, आणि त्यामुळे तिला जास्तच भीती वाटली.

मग तिच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. चोवीस आले कुठून?

ओवी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून थालीपीठ खात होती. केतकी दारात उभी राहिली. काय विचारायचं ते तिला नीट जुळवता येईना.

"ओवी, तू माझं काय खायचीस?"

कशाबद्दल चाललंय हे ओवीने विचारलं नाही. तिने तोंडातला घास संपवला.

"चहा. सकाळी अर्धा ठेवून ड्यूटीला पळतेस ना, तो."

"रोज?"

"रोज. कधी पोळीचा तुकडा असला तर तो पण."

"पण मी खात होते की तुझं. तुझ्या ताटातलं. बघत होतीस ना तू?"

"खात होतीस," ओवी म्हणाली. "आणि मग चूळ भरायचीस. बाहेर ऐकू येतं सगळं."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर केतकीला काही बोलता आलं असतं. ती म्हणाली की ते मी जाणूनबुजून नाही केलं, शपथ घेते हवं तर. ओवीने मान हलवली.

"माहितीये. म्हणून तर मी प्यायले. तुला जमलं नसतं ते."

केतकी जवळ गेली. चौदा वर्षांची पोर, रोज सकाळी आपण गेल्यावर ओट्याशी उभं राहून आपला निवलेला चहा पिते आहे, आपलं विरजण स्वतःच्या तोंडात लावून घेते आहे, हे तिच्या डोळ्यांपुढे आलं. कधी नव्हे इतकी माया तिला त्या क्षणी ओवीबद्दल वाटली. तिने ओवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात विचारलं, मी तुला इथे टाकून जाईन अशी भीती वाटली का तुला.

ओवीने खरंच विचार केला. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. तेही वळण केतकीनेच लावलेलं.

"नाही," ती म्हणाली. "आत्याकडे मला चाललं असतं. पण जुई तिकडे एकटी पडली असती."

एकटी कशी, मी असते की तिच्याजवळ, हे वाक्य केतकीच्या मनात पूर्ण तयार झालं. बाहेरच्या खोलीत जुई बॅगेत आपली खेळणी भरायला लागली होती आणि ओवीताई, तुझी पण भरू का, असं ओरडून विचारत होती. भर, ओवीने आतून सांगितलं.

ओवीच्या ताटलीत अर्धं थालीपीठ उरलं होतं, कडेला दातांच्या खुणा असलेलं. केतकीने हात पुढे केला आणि तो तुकडा उचलला. ओवीने तो तिच्या बोटांतून अलगद काढून घेतला.

"आता नको गं," ती म्हणाली. "झालं ना काम."

आणि तुकडा स्वतःच्या तोंडात टाकून ती ताटली विसळायला सिंककडे वळली.